'मेडिकलला उडाला' म्हणजे नेमके काय झाले?

"लेखी पास झाला, एसएसबी पास झाला, पण मेडिकलला उडाला." फौजेत अधिकारी व्हायला निघालेल्या मुलांबद्दल हे वाक्य आपल्या घरांत इतक्या वेळा बोलले जाते की त्यापुढे कोणी काही विचारतच नाही. उडाला म्हणजे संपले. अम्मी नशिबाला बोल लावते, अब्बा गप्प होतात आणि एखादा मामू हळूच म्हणतो, "नाव बघितले असेल." अशा घरातले कोणी शाळेत भेटले की मी एकच विचारते: कागदावर काय लिहिले होते? बहुतेकांना सांगता येत नाही. कागद घरात असतो, पण कोणी नीट वाचलेला नसतो.

आता हा प्रश्न मुलींच्या पालकांकडूनही येऊ लागला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर खडकवासल्याच्या एनडीएचे दार मुलींना उघडले. पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी तिथले शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय, आहे. तशी मुलींसाठी आता नाशिकला आहे. म्हणून यंदा दहावी-अकरावीच्या घरांसाठी हे लिहीत आहे. बारावी झाल्यावर वाचून याचा अर्धाच उपयोग होईल.

क्रम असा असतो. यूपीएससी वर्षातून दोनदा लेखी परीक्षा घेते, ९०० गुणांची. त्यात निवडलेल्यांना एसएसबीसाठी पाच दिवस बोलावतात, तेही ९०० गुण. त्यातून ज्यांची शिफारस होते, त्यांनाच लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणीला पाठवतात. तिथे चार-पाच दिवस जातात: डोळे, कान, दात, हाडे, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. या तपासणीला गुण नाहीत. फिट किंवा अनफिट, एवढेच. पहिल्या नंबरचा मुलगाही अनफिट निघाला तर त्याचे गुण त्याला वाचवत नाहीत.

म्हणजे सरकारच्या क्रमात शरीर सगळ्यात शेवटी आहे. घराच्या क्रमात ते सगळ्यात आधी हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन वर्षे क्लासची फी भरायची, मुलाने खेळ, लग्नकार्ये, नातेवाईक सगळे सोडायचे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी दहावीत पाच मिनिटांत सांगितले असते ते साडेअठराव्या वर्षी लष्करी रुग्णालयात कळायचे, हा हिशेब मला पटत नाही. यूपीएससीच्या जाहिरातीला वैद्यकीय निकषांचे लांबलचक परिशिष्ट असते. ते छापून काढा, डोळ्यांच्या, कान-नाक-घशाच्या आणि हाडांच्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, "यात माझे मूल कुठे अडेल?" जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढला तरी हे काम होते.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मॅडम, सूट मिळते का? अमेरिकेतल्या लष्करी अकादम्यांत एखाद्या दोषावरून उमेदवार अपात्र ठरला, तरी अकादमीला तो हवा असेल तर सूट देण्याचा विचार होतो. कोणीतरी हे मोबाइलवर वाचतो आणि आपल्याकडेही तसेच असेल, ओळख लागली तर होईल, असे समजतो. आपल्याकडे एनडीएसाठी अशी अर्ज करून मिळणारी सूट नाही. नियमातच लिहिलेली सवलत आहे ती उंचीत: गुरखा, ईशान्य भारत, गढवाल-कुमाऊं आणि लक्षद्वीपच्या उमेदवारांना काही सेंटिमीटर कमी चालतात. "मेडिकल करून देतो" म्हणून पैसे मागणारा जो कोणी भेटेल, तो पैसे घेईल, मेडिकल करून देणार नाही. आपल्याकडे सूट नाही, अपील आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सुटीत दोष मान्य करून माफी मागायची असते. अपिलात दोष खरेच आहे का, किंवा तो दुरुस्त झाला का, हे दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा बघायचे असते.

म्हणून कागदावरचा शब्द महत्त्वाचा. 'टेंपररी अनफिट' असेल तर दार बंद झालेले नाही. कानात मळ, वजन जास्त किंवा कमी, नाकाचा पडदा वाकडा, टॉन्सिल, मूळव्याध, हर्निया, अंडकोषात पाणी साठणे, ही दुरुस्त होणारी कारणे आहेत. पण ती दुरुस्त करून ठरलेल्या मुदतीत लष्करी रुग्णालयात परत उभे राहायचे असते. शस्त्रक्रिया करून जखम भरायची आणि तिथे पोहोचायचे, हे त्या मुदतीत घाईचे होते. तेच काम लेखी परीक्षेनंतर लगेच केले तर घाई नाही.

इथे एक गोष्ट उघडपणे लिहिते. अंडकोषाचा किंवा मूळव्याधीचा त्रास मुलगा अम्मीला सांगत नाही, अब्बाला तर नाहीच. तो वर्षभर सोसतो आणि पहिल्यांदा बोलतो ते लष्करी डॉक्टरसमोर. अब्बांनी एकदा मुलाला एकटे बाजूला घेऊन विचारावे. जमत नसेल तर भाईजानने विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

'पर्मनंट अनफिट' असे लिहिले असेल तरीही पहिल्या मंडळाचा शब्द शेवटचा नसतो. कारण उमेदवाराला सांगतात, अपील कसे करायचे तेही समजावतात. अपील मंडळापुढे ४२ दिवसांच्या आत जावे लागते. हे दिवस घरच्यांच्या रडण्यात आणि पाहुण्यांच्या सांत्वनात फार लवकर जातात. पहिल्याच आठवड्यात त्या विषयाच्या तज्ज्ञाकडून, शक्यतो सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या, तपासून घ्या. तोही तेच सांगत असेल तर निकाल खरा आहे हे कळते. तो वेगळे सांगत असेल तर अपिलाला बळ येते. अपिलातही अनफिट ठरल्यास पुनर्विलोकन मंडळाची मागणी करता येते, पण ती अपिलाचा निकाल लागल्यापासून एका दिवसात करायची आणि तो हक्क नाही. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेचे महासंचालक प्रकरण बघून परवानगी देतात आणि ती तपासणी दिल्लीत किंवा पुण्यातच होते. अर्ज आधीच लिहून खिशात ठेवलेला बरा.

आता मामूच्या शंकेकडे. ती कुठून येते हे मला माहीत आहे. भाड्याचे घर शोधताना ज्यांना नावावरून नकार मिळाला आहे, त्यांनी ही शंका घेतली तर मी हसणार नाही. पण मेडिकलच्या कागदावर आकडे असतात. डोळ्याचा नंबर, कोपराचा कोन, वजनाचा काटा. ते बाहेरच्या डॉक्टरकडे जसेच्या तसे पडताळता येतात, आणि अपिलाला डॉक्टर दुसरे असतात. आधी पडताळा, मग बोला. पडताळणी न करता "आपल्याला घेतच नाहीत" असे घरात म्हटले, तर ते ऐकणारी धाकटी भावंडे अर्जही भरत नाहीत. इदरीस हसन लतीफ १९७८ मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले आणि नंतर आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल होते, हे त्या भावंडांना कोणी सांगितलेले नसते.

चष्म्याबद्दलही बराच गैरसमज आहे. चष्मा म्हणजे एनडीए नाही, असे नाही. लष्करासाठी चष्म्याशिवाय ६/३६ पर्यंत दिसत असेल, चष्म्याने ६/६ होत असेल आणि लांबचे न दिसण्याचा नंबर उणे अडीचच्या आत असेल तर चालते. हवाई दलाच्या वैमानिक शाखेला मात्र तसा नंबर अजिबात चालत नाही. आणि कृपा करून अठराव्या वर्षी मुलाची लॅसिक करून आणू नका. एनडीएला लॅसिक झालेले डोळे चालत नाहीत. पदवीनंतरच्या सीडीएस परीक्षेतून जाणाऱ्याला, वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्यावर केलेली लॅसिक ठरावीक अटींवर चालते. म्हणजे घाईने केलेले ऑपरेशन एक दार बंद करते आणि दुसऱ्याचीही अडचण करून ठेवते. सपाट तळव्यांचेही असेच. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल, पाय लवचीक असेल आणि दुखत नसेल तर चालते. त्यावरून मुलाला आधीच नाउमेद करू नये.

मुलींच्या घरून येणारा प्रश्न बहुधा अम्मी विचारते, तोही आवाज खाली करून: तपासणार कोण? नियमात उत्तर आहे. मुलींची तपासणी महिला डॉक्टरांनी करायची. महिला डॉक्टर उपलब्ध नसल्यास पुरुष डॉक्टर, पण महिला परिचारिकेच्या उपस्थितीत. अर्ज भरण्याआधी हे मुलीलाही सांगून ठेवावे.

मुलींच्या बाबतीत मला दुसऱ्याच गोष्टीची जास्त काळजी वाटते. तपासणीआधी उमेदवाराला स्वतःच्या सहीने एक निवेदन भरावे लागते. दमा, क्षय, कावीळ, फिट किंवा चक्कर, कान वाहणे, डोक्याला मोठा मार, मानसिक आजार, आधी झालेले काही, सगळे त्यात विचारलेले असते. आणि आपल्या घरांत मुलीचा आजार रिश्त्याच्या भीतीने लपवलेला असतो. लहानपणी दोनदा फिट आली होती, हे कधीकधी मुलीला स्वतःलाही सांगितलेले नसते. ती निरागसपणे 'नाही' लिहून सही करते. पुढे खडकवासल्यात उन्हात पळताना काही झाले तर खोटी माहिती दिल्याचा ठपका तिच्यावर येईल, अम्मीवर नाही. जीवही तिचाच धोक्यात जाईल. फाइल उघडा, जुने केसपेपर काढा, मुलीला तिच्या शरीराचा इतिहास सांगा. डॉक्टरांनी त्यावर निर्णय देऊ द्या.

कोणी मेजर जनरल इयान कार्डोझो यांचे उदाहरण देतात. १९७१ च्या युद्धात त्यांचा पाय गेला, तरी लाकडी पायावर त्यांनी पुढे बटालियनचे नेतृत्व केले. मग आमच्या मुलाचे एवढेसे का चालत नाही? कारण ते धडधाकट शरीराने एनडीएत गेले होते आणि पाय लढताना गेला. भरतीचा निकष वेगळा असतो, सेवेत जखमी झालेल्याचा वेगळा. मुलाला हे समजावून सांगितले तर तो समजून घेतो. मोठ्यांनाच पटायला वेळ लागतो.

काही दोष मात्र अपिलाने, औषधाने, दुआने बदलत नाहीत. रंगांधळेपणा त्यातला. झाडाचे खोड हिरवे रंगवणारा मुलगा चित्रकलेच्या सरांना आधी कळतो, घरच्यांना नंतर. ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे वाचायला लावणारी इशिहारा चाचणी पाच मिनिटांत होते. ज्याला रंग ओळखता येत नाहीत, त्याला हे चौदाव्या वर्षी कळले तर तो दुसरीकडे मन लावू शकतो. वाटा आहेत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने अशा मुलांना काही अभ्यासक्रम बंद ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती बंदी काढायला लावली.

हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला काही त्रास नसताना. गेल्या महिन्यात बारावीच्या एका मुलाच्या अम्मीला हे कुणीतरी सांगितले आणि तेव्हापासून सासरचे तिला बोलत आहेत. डोळ्यांचा रंग जसा कुणी निवडून देत नाही, तसाच हाही दोष कुणी देत नाही, हे मी तिच्या नवऱ्याला शाळेत बोलावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. तिच्या बहिणीचा मुलगा सातवीत आहे, त्यालाही फौजेचे वेड आहे. आईकडचा धागा एकच असल्याने त्याची तपासणी याच सुट्टीत करून घ्यायला मी तिला सांगितले आहे.