महदंबेचे धवळे, पनवेलची धवलारीण आणि पदव्युत्तर संशोधन

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात महदंबेच्या धवळ्यांचा परिचय करून दिला जातो. तेराव्या शतकात रिद्धपूर येथे, गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगाच्या निमित्ताने सिद्ध झालेली ही रचना आद्य मराठी कवयित्रीची म्हणून विद्यार्थी अभ्यासतो व तीवर परीक्षेत टीपही लिहितो. पनवेल परिसरातील विद्यार्थ्याच्या बाबतीत येथे एक विसंगती संभवते. आगरी समाजातील लग्नविधी ज्या गीतांनी पार पाडले जात आले, त्यांना धवले म्हणतात आणि ती गाणाऱ्या स्त्रीला धवलारीण. म्हणजे ज्याच्या आजीने हे धवले ऐकले, किंबहुना गायिले, तोच विद्यार्थी धवळे हा केवळ प्राचीन वाङ्मयातील एक रचनाप्रकार म्हणून पाठ करतो. या दोहोंत काही नाते आहे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवलाच जात नाही.

पनवेलमधील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचा मराठी विभाग कलिना येथे. मात्र खरी अडचण या अंतराची नाही. एखाद्या प्रस्थापित लेखकाच्या कादंबऱ्यांचा अभ्यास हा विषय सोयीचा ठरतो. ग्रंथ छापील असतात, समीक्षा उपलब्ध असते आणि प्रबंध मुदतीत पूर्ण होतो. क्षेत्रीय संशोधनाला वेळ, प्रवासखर्च आणि गावात बसून ऐकण्याची तयारी लागते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सोयीचा विषय निवडला तर दोष त्याचा नव्हे. तशीच व्यवस्था आपण उभी केली आहे.

मराठी भाषा विद्यापीठाची स्थापना 2023 च्या कायद्याने रिद्धपूर येथे झाली, ही घटना या संदर्भात महत्त्वाची ठरते. छोट्या सार्वजनिक विद्यापीठाने मोठ्या विद्यापीठांची फिकट प्रतिकृती होण्यात काही अर्थ नाही. महानुभाव परंपरा आणि तिची हस्तलिखिते हे रिद्धपूरचे बळ आहे; पनवेलसारख्या ठिकाणच्या विभागाचे बळ आगरी, कोळी आणि कातकरी बोली हे आहे. ते परिसरात आहे, ग्रंथालयात नाही.

हे बळ टिकून राहील असे मात्र गृहीत धरता येत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील दहा गावे हलवावी लागली. घरांची मोजणी होते, नुकसानभरपाई ठरते. परंतु गीते गाव, आळी आणि नातेसंबंध यांच्या आधारे जगतात. वस्ती विखुरली की गाणारी उरली तरी साथीला झेलणाऱ्या स्त्रिया उरत नाहीत.

अशा संशोधनावर संकुचिततेचा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार आहे. नामसाम्यावरून वंशसंबंध सिद्ध होत नाही, हे खरे. म्हणूनच छंद, विधीतील स्थान, कथाभाग आणि गायनपद्धती यांची तुलना करावी लागेल. ती करताना विद्यार्थ्याला महानुभाव वाङ्मय आणि बोलीविज्ञान दोन्ही नीट वाचावे लागेल. संबंध नाही असा निष्कर्ष निघाला तरी तो ज्ञानात भर घालणाराच होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीने एम. फिल. बंद केली. संशोधनपद्धती शिकण्याची एक पायरी त्यामुळे गेली असून तिचा भार आता एम. ए. च्या संशोधन प्रकल्पावर आला आहे. प्रत्येक महाविद्यालयीन विभागाने यातील काही प्रकल्प ध्वनिमुद्रण व संहितालेखनासाठी राखावेत. गाणाऱ्या स्त्रीची संमती घ्यावी. तिची अनुमती असल्यास नाव, गाव आणि दिनांक नोंदवावा. मुद्रणाची प्रत विभागात जतन करावी व एक तिला द्यावी. पुढील विद्यार्थ्याला निदान तेथून पुढे जाता येईल. प्रवासखर्चाची तरतूद विद्यापीठाने करावी.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दर्जामागे लिखित परंपरेचा आधार आहे. तिची बोलती परंपरा नोंदविण्याचे काम पदव्युत्तर विभागांचे आहे, आणि धवलारीण हयात आहे तोवरच ते करता येण्यासारखे आहे.