चेसीसवर निळा रंग मारून गंज जात नाही

जयंतीच्या तयारीची बैठक झाली. दीड तास डीजेवर गेला, अर्धा तास बॅनरवर कुणाचा फोटो मोठा छापायचा यात गेला आणि उठता उठता दोन मिनिटं गाडीला मिळाली. त्या दोन मिनिटांत जे ठरलं त्याच्या विरोधात आम्ही हे लिहीत आहोत. ठरलं ते असं : खालून एक पट्टी मारा, वरून निळा रंग द्या, मिरवणूक होऊ द्या, मग बघू. आम्ही उभं राहून विरोध केला. तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सुनावलं, की गॅरेजचे विषय इथे आणू नका, हे वैचारिक व्यासपीठ आहे.

बरं. मग वैचारिकच बोलू. पण सुरुवात गाडीखाली झोपून करावी लागेल.

आपली गाडी २००९ सालची सुमो. वस्त्यावस्त्यांतून वर्गणी गोळा करून मुंबईकडून घेतलेली. आपल्या बीड जिल्ह्यात जुन्या गाड्या मुंबई-पुण्याकडून येतात, कारण तिकडे स्वस्त पडतात. स्वस्त का पडतात हे तेव्हा आपण कुणी विचारलं नाही. समुद्राकाठची खारी हवा लोखंड आतून खाते. खालून काळा डांबरी लेप मारलेला होता, तो बघून आपण खूश झालो, की मालकाने गाडी काय राखलीय! तो लेप गंजावरच मारलेला होता. लेपाखाली ओल कोंडली आणि गंजाला आडोसा मिळाला. पुढचं काम आपल्या काळ्या मातीने केलं. पावसाळ्यात माजलगावकडच्या शिवाररस्त्यांचा चिखल चेसीसच्या चॅनलमध्ये बसला की दिवाळीपर्यंत ओला राहतो. आपण दर जयंतीला गाडी वरून धुतली, खालून एकदाही नाही.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाऊन आलो, तेव्हापासून मागचा दरवाजा उचलून लावावा लागतो. सगळे म्हणाले, बिजागरी गेली. बिजागरी ठीक आहे. दरवाजाची चौकटच तिरकी झालीय, कारण बॉडी ज्याच्यावर बसते ते चेसीस खचलंय. सुमोसारख्या गाडीचं चेसीस म्हणजे आडवी ठेवलेली शिडी. दोन लांब चॅनल आणि मधे आडवे क्रॉस मेंबर. इंजिन, बॉडी, पाटे, सगळ्यांचा भार त्या दोन चॅनलवर. आपल्या वस्तीतल्या वेल्डर पोराने डाव्या चॅनलवर हातोडी मारत नेली. पुढे टणटण आवाज आला. मागच्या पाट्याचा हँगर जिथे बसतो तिथे थप्प असा ओल्या पुठ्ठ्यासारखा. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आत गेला. दीड हात लांबीचा चॅनल पापडासारखा झालाय.

आता पट्टी मारणाऱ्यांनी ऐकावं. वेल्डिंग गंजाला धरत नाही, लोखंडाला धरतं. सडलेल्या पत्र्यावर नवी पट्टी चिकटवली तर तिची कड पातळ पत्र्याला धरून राहते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तिथूनच फाटते. पट्टी आणि जुना पत्रा यांच्या मधे पाणी साठतं ते वेगळंच. समजा धारूरच्या घाटात उतारावर ब्रेक मारला आणि हँगर चॅनलमधून उपटला. मागचा अक्सल एका बाजूला सरकेल आणि गाडी स्टिअरिंगचं ऐकणार नाही. आत किती माणसं असतात? कागदावर नऊ, प्रत्यक्षात चौदा. यात आमचाही दोष आहे. आम्हीही मागे दोघांच्या जागेत चौघे बसून गेलो आहोत.

ही गाडी फक्त मिरवणुकीची नाही. केज, वडवणी, धारूरच्या कुठल्या गावात आपल्या माणसावर हल्ला झाला तर पोलिस ठाण्यात फिर्याद होईपर्यंत हीच दारात उभी असते. रात्री कळा सुरू झालेली पोरगी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात हिच्यातूनच जाते. तिला कुणी विचारत नाही, की बाई, चेसीस धड आहे का?

नीट काम कसं होतं तेही सांगतो, कारण पुष्कळांना ते चार तासांचं वाटतं. गाडी मजबूत घोड्यांवर घ्यायची, नाहीतर कापल्यावर चेसीस अजून खचेल. बॅटरीच्या तारा सोडायच्या. डिझेलची टाकी आणि नळ्या बाजूला काढायच्या. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घ्यायची; दोन्ही सारखी आली तर चेसीस सरळ. मग लखलखीत लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापायचा. नेमका याच ठिकाणी माणसाचा हात आखडतो. कापताना वाटतं फार जातंय, आणि मग चार बोटं गंज आत सोडून दिला जातो. मूळ चॅनलच्याच जाडीचा तुकडा वाकवून बसवायचा. जोड उभ्या सरळ रेषेत न घेता तिरका घ्यायचा, म्हणजे सगळा ताण एका रेषेवर येत नाही. थोडं थोडं, जागा बदलत वेल्डिंग करायचं, सलग ओढलं तर उष्णतेने चॅनल वाकतो. पाणी निघायची भोकं मोकळी ठेवायची. आतून-बाहेरून रेड ऑक्साईड मारायचं. आणि चेसीस नंबर जिथे ठोकलाय तिथे ग्राईंडर नेायचाच नाही, नाहीतर पुढे आरटीओत गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसावं लागेल. मापं घेण्यापासून रंगापर्यंत चार दिवस. हे त्या पोराचं म्हणणं आहे. त्याने आयटीआय केलंय, आणि सडक्या पत्र्यावर पट्टी मारायला त्याने सरळ नकार दिला. म्हणाला, "माझ्या हाताने केलेल्या कामात माणसं बसणार आहेत."

या नकाराचं बैठकीत कौतुक व्हायला हवं होतं. झालं उलटंच. त्याने चार दिवसांची मजुरी सांगितली तर दोन-तीन जण उसळले. चळवळीची गाडी आहे, पैसे कसले मागतोस? समाजासाठी एवढं करता येत नाही?

दादाहो, डीजेवाल्याला समाजासाठी वाजव असं कुणी म्हणालं का? त्याचा बयाणा एका फोनवर गेला, घासाघीस न करता. आपल्याच वस्तीतल्या, आपल्याच पोराच्या घामाला मात्र बांधिलकीचं नाव द्यायचं. याला जुना शब्द आहे, वेठ. येसकर पाळी करायची, सरकारी टपाल घेऊन गावोगाव पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं आणि वर ऐकायचं की हे तुमचं गावाप्रती कर्तव्य आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते याच गोष्टीवर बोट ठेवून. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, मुंबईचा कायदा इथे लागला नसता. पण गावकीची कामं आपल्या आज्या-पणज्यांनी इथेही केलीच आहेत. मोबदल्याशिवाय घेतलेलं काम निळ्या झेंड्याखाली घेतलं म्हणून पवित्र होत नाही.

आणि हातातलं कौशल्य आपल्याला कुणी आयतं दिलेलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण सूत तोंडाने ओढावं लागे आणि त्याचा विटाळ होई. जास्त पगार त्याच खात्यात होता. १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब बोलले ते ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन्ही शत्रूंविरुद्ध. वर्कशॉपचं दार उघडायला एवढं झगडावं लागलं, आणि आज आत शिरलेल्या पोराला आपण व्यासपीठावर बसवत नाही, कारण त्याचे हात काळे आहेत! भाषण करणारा तेवढा कार्यकर्ता आणि चेसीस जोडणारा गड्या, ही उतरंड आपण कुठून शिकलो?

काही जण म्हणतात, भंगारात घाला. त्यांचं ऐकण्यासारखं आहे, पण अर्धंच. दोन्ही चॅनल गेले असते, किंवा गंज स्टिअरिंग बॉक्सच्या बसणीपर्यंत पोचला असता, तर आम्हीच भंगारवाल्याला फोन केला असता. पण सडलाय तो एका चॅनलचा दीड हात. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, ती आपण २०२४ मध्ये भरली आहे. दुसरी गाडी घ्यायची ऐपत नाही. ऐपत आली तरी पुन्हा मुंबईचीच घेणार आणि पुन्हा खाली न वाकता घेणार.

गाडी सध्या घोड्यांवर आहे. किल्ली आमच्याकडे आहे आणि चॅनल बदलल्याशिवाय आम्ही ती देणार नाही, कुणाला राग येवो. मिरवणूक बैलगाडीवर काढता येईल, पायी काढता येईल. येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. गाडीचा विषय पहिला घ्यावा असं पत्र आम्ही दिलं आहे, आणि सोबत वेल्डरच्या चार दिवसांच्या मजुरीचा हिशेब जोडला आहे. तो वर्गणीतून, डीजेच्या आधी द्यायचा आहे. ज्यांना हरकत असेल त्यांनी रविवारी येताना जुने कपडे घालून यावं. गाडीखाली दोघांना झोपता येईल एवढी जागा आहे.

जय भीम!