दफ्तर पडद्यावर आले, पण कोणाचे?

इतिहास लिहायचा तर दफ्तरखान्यातली धूळ नाकातोंडात गेलीच पाहिजे, पडद्यावर वाचलेले ते संशोधनच नव्हे, असे मानणारा एक पक्ष आपल्याकडे जुना आहे. आता सगळे नेटवर आले आहे, दफ्तरात खेटे घालायची गरज काय, असे म्हणणारा दुसरा पक्ष अलीकडचा. मला दोन्ही मते अमान्य आहेत आणि त्यातही दुसरे मला अधिक घातक वाटते. पहिल्या मतामुळे काही अभ्यासकांचे नुकसान होते. दुसऱ्यामुळे अख्खे गाव इतिहासातून पुसले जाऊ शकते.

जुन्या पक्षाचा मुख्य आक्षेप असा, की छायाप्रत म्हणजे मूळ कागद नव्हे. खरे आहे. कागदाचा पोत, शाईचा रंग, पाठीमागचा शेरा, घडीची खूण यांवरून तारीख ठरते, बनावट कागद उघडा पडतो. पण हा आक्षेप घेणाऱ्यांच्या टेबलावर काय असते? राजवाड्यांनी 1898पासून छापलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड असतात. वासुदेवशास्त्री खऱ्यांचा लेखसंग्रह असतो. रियासतकार सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दफ्तरातून निवडून काढलेले 45 खंड असतात. या सगळ्या प्रतीच आहेत, आणि त्याही दुसऱ्याने मोडी वाचून बालबोधीत उतरवलेल्या. मराठी इतिहासलेखनाची शंभर वर्षे या प्रतींवर उभी आहेत आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद गोळा करत ते कुलपात ठेवण्यासाठी नव्हे. अस्सल कागद सर्वांना वाचता यावा, म्हणजे कोणाच्या बखरीवर विसंबून राहावे लागू नये, हा त्यांचा हट्ट होता. चांगले डिजिटल दफ्तर तोच हट्ट पुढे नेते, शिवाय मोडी अक्षर जसेच्या तसे डोळ्यांपुढे ठेवते. वाचनात चूक असेल तर वाचक ती स्वतः पकडू शकतो. छापील खंडात ती सोय नव्हती.

आणि दफ्तरात जा म्हणणे सोपे आहे. सोलापूरचा 1930चा इतिहास लिहायचा तर कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दिवसा नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात काम करून संध्याकाळी एम. ए.चा अभ्यास करणाऱ्या मुलीने लंडनला कसे जायचे? दिल्लीच्या अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ 2015 साली सुरू झाले तेव्हापासून गृहखात्याच्या कितीतरी फायली घरबसल्या उघडता येतात. एरवी ती वाट ज्यांच्याकडे पैसा, सुट्टी आणि ओळखीपाळखी होत्या त्यांनाच मोकळी होती. संशोधन कष्टाने व्हावे हे मान्य. पण ते कष्ट कागद समजून घेण्याचे असावेत, रेल्वेच्या तिकिटाचे नव्हेत.

टिकाऊपणाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. आपल्याकडची ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ बंद पडली. तिच्यातली लाखो पुस्तके इतरांनी आधीच उतरवून ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर ठेवली होती म्हणून वाचली. ऑक्टोबर 2023मध्ये सायबर हल्ल्याने ब्रिटिश लायब्ररीची सूची काही महिने ठप्प झाली. पुढच्याच वर्षी, त्याच महिन्यात, इंटरनेट आर्काइव्हही हल्ल्यामुळे काही दिवस बंद होते. पण कागद तरी कुठे सुरक्षित आहे? 5 जानेवारी 2004 रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा पोथ्या-पुस्तकांची झालेली नासधूस आपण पाहिली आहे. म्हणून मूळ कागद जपावा आणि त्याच्या प्रती दोन-चार वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. एका संस्थेच्या एका यंत्रावर भरवसा टाकू नये.

आता दुसरा पक्ष. ‘सगळे नेटवर आहे’ हे वाक्य मी सोलापूरपुरते तपासून पाहतो.

5 मे 1930 रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटले. 8 मेच्या गोळीबारात शंकर शिवदारे पडले. काही दिवस शहरातून सरकारची सत्ता जवळजवळ उठली, मग लष्करी कायदा आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. या घटनांवर पडद्यावर काय मिळते? अधिकाऱ्यांच्या तारा, गृहखात्याची टिपणे, लष्करी कायद्याचे समर्थन करणारा पत्रव्यवहार. त्यात सोलापूरचे लोक ‘जमाव’ म्हणून येतात, आरोपी म्हणून येतात, फार तर आकडा म्हणून येतात. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते. त्या पत्राची फाईल मला पडद्यावर कुठेही सापडलेली नाही. फाशी देणाऱ्यांचे म्हणणे एका टिचकीवर यावे आणि फासावर गेलेल्याचे लेखन शोधूनही मिळू नये, ही स्थिती मला सहन होत नाही.

गिरणीचे तसेच. 1877 साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, ऑगस्ट 1949मध्ये बंद पडली. जानेवारी 1950मध्ये वटहुकूम काढून सरकारने तिचा कारभार हाती घेतला. त्याविरुद्ध चिरंजितलाल चौधरी हे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर 1950चा तो निकाल समानतेच्या हक्कावरचा पायाभूत निकाल ठरला. कायद्याचा विद्यार्थी आजही तो वाचतो. फुकट, पूर्ण आणि न्यायमूर्तींच्या भिन्नमतांसह. भागधारकाची बाजू अशी अक्षरन्‌ अक्षर जपली गेली. त्याच गिरणीत साचे चालवणाऱ्या बायाबापड्यांची हजेरीपुस्तके, पगारपत्रके, युनियनची पत्रके कुठे आहेत? कोणाच्या माळ्यावर असतील तर असतील. रद्दीत गेली नसतील अशी आशा करायची.

सेटलमेंटची गोष्ट याहून बोचरी आहे. ज्या जमातींवर सरकारने कायदा करून गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. त्या माणसांबद्दलचे जुने सरकारी अहवाल पडद्यावर वाचायला मिळतात. कुंपणाच्या आतून पाहिलेले जगणे त्यांच्या नातवंडांच्या आठवणीत आहे आणि ते टिपून घेणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. फक्त पडद्यावरच्या कागदांवर कोणी आज सोलापूरचा इतिहास लिहिला तर तो टाचणटिपांनी भरलेला असेल, पुराव्यानिशी असेल आणि कलेक्टर कचेरीच्या खिडकीतून दिसलेला असेल.

जे पडद्यावर आहे तेही शोधता आले पाहिजे. इंग्रजी कागदांत सोलापूर ‘शोलापूर’ आहे, आडनावे प्रत्येक कारकुनाने आपापल्या कानाप्रमाणे लिहिली आहेत, आणि जुनी देवनागरी छपाई यंत्र वाचते तेव्हा जोडाक्षरांची खिचडी होते. शब्द टाकला, काही आले नाही, म्हणजे ‘पुरावा नाही’ असे लिहून मोकळे होणारे प्रबंध मी वाचले आहेत. शोधपेटी फायलीतले एक पान काढून हातात देते. त्याच्या मागचे-पुढचे पान, कोणाच्या कोणत्या पत्राला ते उत्तर होते, हे ती सांगत नाही. म्हणून फाईल पहिल्या पानापासून वाचायची सवय महाविद्यालयात शिकवावी लागेल. हा दोष पडद्याचा नाही, आपल्या शिकवण्याचा आहे.

तर मग करायचे काय? माझे म्हणणे असे की सोलापूरने आपले दफ्तर आपण उभे करावे, आणि सुरुवात नवी पेठेपासून करावी. इथल्या जुन्या दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीला वहीपूजन झाले आहे. त्या पूजलेल्या वह्यांत, रोजमेळात आणि खतावणीत गिरणीच्या कापडाचे भाव आहेत, उधारी आहे, संपाच्या महिन्यात थांबलेली वसुली आहे, विणकरांना दिलेल्या सुताचा हिशेब आहे. 1884च्या गॅझेटियरमध्ये महसूल अधिकाऱ्याने लिहिलेला व्यापार आणि दुकानदाराच्या हाताने लिहिलेला व्यापार शेजारी ठेवले तरच बाजार कळतो. दुकानाचे नूतनीकरण निघाले की पहिल्यांदा याच वह्या रद्दीवाल्याकडे जातात. त्या कोणी दान कराव्यात असेही मी म्हणत नाही. वही मालकाच्याच कपाटात राहू द्या. दोन विद्यार्थ्यांनी दुकानात बसून चांगल्या उजेडात तिची पाने टिपावीत, आणि वही कोणाची, कोणत्या सालची, कोणत्या लिपीतली, किती पानांची, मधली कोणती पाने फाटलेली, हे त्याच वेळी लिहून ठेवावे. सूची नसलेली हजारो छायाचित्रे म्हणजे पुन्हा रद्दीच.

सोलापूर मराठीत बोलते, तेलुगूत बोलते, कन्नडमध्ये आणि उर्दूतही बोलते. बाजाराच्या वह्या मोडीतही असतात आणि मारवाडी-गुजराती वळणातही. ती सूची एका भाषेच्या माणसाने करून भागणार नाही. साखर पेठेतला पद्मशाली तरुण, बेगम पेठेतले निवृत्त उर्दू शिक्षक आणि मोडी वाचणारे एखादे आजोबा एका टेबलाशी बसले पाहिजेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘ट्रोव्ह’वर जुनी वर्तमानपत्रे ठेवली आणि यंत्राने चुकीच्या वाचलेल्या ओळी दुरुस्त करायचे काम वाचकांवरच सोपवले, लोकांनी ते आपुलकीने केले. ‘कल्पतरू’सारख्या इथल्या जुन्या पत्रांसाठी सोलापूरकर ते करणार नाहीत, असे मला वाटत नाही. कायद्याचीही अडचण मोठी नाही: लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी, आणि निनावी मजकुराच्या बाबतीत प्रकाशनानंतर 60 वर्षांनी, स्वामित्वहक्क संपतो.

एका ठिकाणी मात्र मी हात आखडता घेईन. सेटलमेंटच्या नोंदींत कुटुंबांची नावे आहेत आणि त्यांच्यापुढे सरकारने लिहिलेले शेरे आहेत. ती नावे शोधपेटीत टाकून कोणालाही सापडावीत, उद्या एखाद्या मुलाच्या नोकरीच्या चौकशीत वर यावीत, हे मला मंजूर नाही. त्या नोंदी टिपाव्यात, जपाव्यात, पण उघड्या कधी आणि किती करायच्या हे त्या वस्तीतल्या लोकांनी ठरवावे. त्यांच्याबद्दल एवढे कागद लिहिले गेले, त्यांतल्या एकाही कागदासाठी त्यांना कोणी विचारले नव्हते.