पहिलीच्या घरात दुसरी

घरातला फोन वाजतो. नवी नवरी तो उचलते. पलीकडून मालकीणबाईंची विचारणा होते आणि ती गडबडून सांगते, बाईंना जाऊन वर्ष उलटलं. बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात येतं, की या घराची मालकीण आता आपणच आहोत.

डॅफ्ने द्यू मोरिए यांच्या ‘रेबेका’तला हा प्रसंग. १९३८ साली आलेल्या या कादंबरीत भूत कुठेच दिसत नाही, तरी रात्री एकट्याने वाचताना मान मागे वळवून पाहावीशी वाटते. एका श्रीमंत बाईची सोबतीण म्हणून राबणारी पोरकी मुलगी मॅक्सिम द विंटर या बिजवराशी लग्न करते आणि समुद्रकाठच्या मँडर्ली या त्याच्या वाड्यात येते. पहिली बायको रेबेका बुडून मेलेली. गोष्ट सांगणाऱ्या या दुसरीचं नाव वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. मेलेलीचं नाव मात्र थेट मुखपृष्ठावर.

या कादंबरीतली भीती अगदी साध्या वस्तूंत दडलेली आहे. सकाळच्या बैठकीच्या खोलीत रेबेकाचं लिहायचं टेबल आहे. त्याच्या प्रत्येक खणावर तिच्या हातची चिठ्ठी, अक्षर ठसठशीत. त्याच टेबलावरची चिनी मातीची एक नाजूक मूर्ती नव्या सुनेच्या हातून फुटते. ती काय करते? तुकडे गोळा करते आणि खणात पार मागे दडवून ठेवते. पुढे चोरीचा आळ एका नोकरावर येतो, तेव्हा तिला तोंड उघडावं लागतं. स्वतःच्याच घरात तिची ही चोरट्यासारखी गत! आणि हे सारं थंड डोळ्यांनी पाहत असते डॅनव्हर्स, रेबेकाच्या माघारी तिचा संसार जसाच्या तसा जपणारी कारभारीण.

द्यू मोरिए यांनी हे पुस्तक लिहायला घेतलं ते १९३७ मध्ये, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात. लष्करी अधिकारी असलेल्या नवऱ्याची तिथे नेमणूक होती आणि त्यांचा जीव कॉर्नवॉलच्या किनाऱ्यात अडकला होता. नवऱ्याचं लग्न आधी दुसऱ्या एका तरुणीशी ठरलं होतं. तिच्या पत्रांखालच्या झोकदार सहीने त्यांच्या मनात असूया पेरली. मँडर्लीचं रूप घेतलं ते कॉर्नवॉलमधल्या मेनाबिली या जुन्या घरावरून. १९४३ मध्ये त्यांनी ते भाड्याने घेतलं, पण मालकी कधीच मिळाली नाही. १९६९ मध्ये त्यांना ते सोडावं लागलं.

मराठी वाचकाला हे दुखणं परकं नाही. पहिली बायको सवाष्ण गेली तर तिच्या नावाचा टाक करून दुसरीने गळ्यात घालायचा, ही रीत महाराष्ट्रात अनेक घरांत होती. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला गेलेलीच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. लातूर-नांदेडकडे गावोगावच्या ढासळत्या गढ्यांमध्ये अशा किती दुसऱ्या सुना पहिलीच्या चुलीपुढे बसल्या असतील! टाक निदान डोळ्यांना दिसतो. मँडर्लीतल्या मुलीपुढे हात जोडायला तेवढंही नाही, आणि तिने कशाचं ओझं वाहायचं हे कुणी सांगतही नाही.

ही गोष्ट हिंदी पडद्यावर आली १९६४ मध्ये, बीरेन नाग यांच्या ‘कोहरा’त. वहीदा रहमान नवी नवरी झाल्या आणि डॅनव्हर्सच्या वळणाची दाईमाँ उभी केली येवल्यात जन्मलेल्या ललिता पवारांनी. त्यांना नुसती खाष्ट सासू म्हणून ओळखणाऱ्यांनी हे काम जरूर पाहावं. आवाज न चढवता समोरच्याला लहान करून टाकण्याची कला त्यात आहे. त्याच वर्षी मराठीत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. मेलेली बायको इथेही आहे, पण गाठ उलटी बांधलेली: पकडलेली दरोडेखोर बाई भर कोर्टात सांगते, मी वकीलसाहेबांची पत्नी. पुढे त्यावरूनच राज खोसलांनी ‘मेरा साया’ केला.

लातूर जिल्ह्यातल्या उदगीरलाही गूढाचं वावडं नाहीच. एप्रिल २०२२ मध्ये इथे ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष होते भारत सासणे. मनाचा काळोख दीर्घकथेत उतरवणारा हा लेखक. त्यांच्या ‘अनर्थ रात्र’सारख्या पुस्तकांत रमलेल्यांना ‘रेबेका’ची वाट अनोळखी वाटणार नाही.

हिचकॉकच्या १९४०च्या ‘रेबेका’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. डॅनव्हर्सला त्याने चालताना फारसं दाखवलंच नाही. ती एकदम शेजारी उभी दिसते. पण त्या काळच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेपायी रेबेकाच्या मृत्यूचं कारण त्याला सौम्य करावं लागलं. कादंबरीत तसं नाही. मॅक्सिम त्या रात्री नेमकं काय घडलं ते बायकोला सांगतो. ऐकणाऱ्याचा थरकाप व्हावा अशी ती हकिगत, पण तिच्या कानात शिरतं एवढंच, की याचं पहिलीवर कधी प्रेमच नव्हतं. तिला हायसं वाटतं. गंमत म्हणजे तिच्यासोबत वाचकालाही हायसं वाटतं आणि मग आपण कुणाची बाजू घेऊन बसलो आहोत, या विचाराने तो चरकतो. चित्रपट पाहिलेल्यांनीही या एका प्रकरणासाठी मूळ पुस्तक हाती घ्यावं.