बाकीचे डुक्कर कुठे टाकता?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

या विषयावर लिहू नकोस, असे मला दोघांनी सांगितले. एक माझा खोलीतला सोबती आणि दुसरा मी स्वतः. वार्षिकांकासाठी लेख द्यायचा तर ‘स्त्री-शिक्षणाची गरज’, ‘मराठवाड्यातील दुष्काळ’, ‘आजचा तरुण आणि मोबाईल’ असे विषय हाताशी आहेत. ते लिहिले की कुणी काही विचारत नाही. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला मामाकडे राहून मी जे शिकलो ते या तिन्हींत बसत नाही, म्हणून धीर करून लिहितो.

मित्रहो, मी वडार समाजातला. आजोबांनी विहिरी फोडल्या, वडिलांनी खडी फोडली आणि आई अजूनही आठवडी बाजाराला पाटे-वरवंटे घेऊन बसते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. आमच्यात डुकराचे मटण खातात. हे वाक्य लिहायला मला एक वर्ष लागले, कारण अकरावीपासून आजवर डब्यात काय आहे असे कुणी विचारले तर मी ‘मटण’ एवढेच सांगत आलो. आपल्या जिल्ह्यात मटण म्हणजे शेळी-बोकडाचे, हे सांगावे लागत नाही. काळी उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली आहे आणि तुळजापूरला नवरात्रात अजाबळीचा मान आहे. त्यामुळे ‘मटण’ म्हणून मी सुटत असे. खोटे बोललो नाही. खरेही बोललो नाही.

मामी पुण्याला घरकामाला जाते. तिथल्या बाईंनी नवीन मोठा एअर फ्रायर घेतला आणि जुना मामीला दिला. हे यंत्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नावात ‘फ्रायर’ असले तरी त्यात तळत काहीच नाही. वर विजेची तापणारी तार, तिच्याजवळ पंखा आणि खाली जाळीची टोपली. पंखा तापलेली हवा जोराने फिरवतो आणि त्या वाऱ्याने पदार्थ भाजतो. म्हणजे ही एक छोटी, वाऱ्याची भट्टीच. फ्रेड व्हॅन डर वाय नावाच्या डच माणसाने तिची रचना केली आणि २०१० मध्ये फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आणली. मामीकडचे यंत्र १५०० वॅटचे आहे. वीस मिनिटे चालवले तर अर्धा युनिट जळतो. (हा हिशेब मामाने मला करायला लावला. भाच्याला कॉलेजला घातले ते कशासाठी!)

मामा-मामी दोघे दिवसभर कामाला, तेव्हा रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे आला. मोबाईलवर बघून मी ठरवले की ‘पोर्क चॉप’ करायचे. चॉप म्हणजे पाठीच्या कण्यालगतचा, बरगडीच्या हाडासकट कापलेला तुकडा. गावाकडे आम्ही असे तुकडे कधी मागत नाही. आमच्यात डुक्कर पडले की केस जाळून, खरवडून, सगळ्याचे वाटे घालतात आणि प्रत्येक वाट्यात थोडे थोडे सगळे येते. पुण्याच्या दुकानात मात्र काचेमागे तुकडे वेगवेगळे मांडलेले असतात आणि चॉपचा भाव वेगळा असतो.

पहिल्या रविवारी मी बोटभर जाडीचे तुकडे घेतले, तिखट-मीठ लावले आणि दोनशे अंशांवर वीस मिनिटे ठेवले. बाहेर जे आले त्याला मामा म्हणाला, “ह्यानं खडी फुटंल बघ.” पाठीच्या मांसात चरबी कमी आणि चिवट धागाही कमी. असे मांस फार तापले की आखडते आणि आतले पाणी पिळून बाहेर टाकते. वरून पंख्याचा कोरडा वारा. राहील काय?

दुसऱ्या रविवारी दोन बोटे जाड तुकडे आणले. आदल्या रात्री नुसते मीठ चोळून ठेवले, कारण मीठ आत मुरले की मांस आपले पाणी धरून ठेवते. सकाळी आले-लसूण आणि थोडा काळा मसाला लावला, तेलाचा हात फिरवला आणि बारा मिनिटे ठेवले. मध्ये एकदा उलटले. काढल्याबरोबर कापले नाही, पाच मिनिटे ताटात झाकून ठेवले. तेवढ्यात आतली उष्णता सारखी होते आणि रस ताटात न सांडता मांसात राहतो. त्या दिवशी मामीच्या धाकट्या मुलाने हाडसुद्धा सोडले नाही.

मी फुशारकीने आईला फोन केला. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, “बरं झालं लेकरा. पर तेवढाच तुकडा खाताव, मग बाकीचं डुक्कर कुठं टाकताव?”

या प्रश्नाने माझी झोप उडवली असे लिहिणे जरा जास्तच होईल, पण तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम चामडीसकट खांद्याचे मांस आणले आणि त्याच यंत्रात घातले. चामडी पापडासारखी फुगली, कुरकुरीत झाली. आतले मांस मात्र चावेना. खांद्यात, पायात, डोक्यात जो चिवट धागा असतो तो दहा-बारा मिनिटांच्या वाऱ्याला दाद देत नाही. त्याला पाणी लागते, मंद आच लागते आणि तास-दोन तासांचा वेळ लागतो. तेव्हा तो धागा विरघळून रश्शात उतरतो आणि रस्सा बोटांना चिकटतो. आई चुलीवर हेच करते. आधी चरबीचे तुकडे पातेल्यात टाकून कढवते आणि त्याच चरबीत कांदा-लसणाचे वाटण परतते. विकतचे तेल वाचते. मग मांस घालून पाणी ओतते, झाकण ठेवते, झाकणावर पाणी ठेवते आणि जळण मागे ओढून आच कमी करते. घड्याळ नाही, अंश नाहीत. हाड सुटले की झाले. यंत्राने मला एका तुकड्याचे कसब शिकवले, ते मी नाकारत नाही. पण आई सबंध जनावराचे शास्त्र जाणते आणि ते शास्त्र आहे हे मला त्या यंत्रापाशी उभे राहिल्यावर समजले, याची मला लाज वाटते.

आता मुद्द्याची गोष्ट. सुट्टीनंतर त्या चॉपचे छायाचित्र मी मित्रांना दाखवले. “पोर्क चॉप? एअर फ्रायरमध्ये? भारी!” असे सगळे म्हणाले. एकाने कृती लिहून घेतली. हाच मित्र गेल्या वर्षी स्नेहसंमेलनातल्या आनंदनगरीच्या वेळी माझ्याशेजारी उभा होता. मी तेव्हा भीतभीत सुचवले होते की एका गाळ्यावर आमच्याकडचे मटण-भाकरी ठेवू. कशाचे मटण, असे विचारले गेले. मी सांगितले. हशा पिकला. कुणी नाक दाबले, कुणी ‘ख्वाँक’ असा आवाज काढला. मग विषय पाणीपुरीवर गेला. मांस तेच, जनावर तेच. ‘पोर्क’ म्हटले की दार उघडते आणि ‘डुक्कर’ म्हटले की लागते, हा भाषेचा चमत्कार मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने नाही टिपायचा तर कुणी टिपायचा?

मला कुणाला खायला लावायचे नाही. माझ्या बाकावरचा मित्र मुसलमान आहे. तो सरळ म्हणतो, “आमच्यात चालत नाही,” आणि आपला डबा थोडा बाजूला सरकवून गप्पा पुढे चालू ठेवतो. त्याने कधी नाक दाबले नाही. माळकरी घरातली वर्गमैत्रीण अंडेही खात नाही, तिचेही तसेच. न खाणे हा ज्याच्या त्याच्या धर्माचा, घराचा प्रश्न आहे. माझा आक्षेप आहे तो हसण्याला, आणि हसणारे नेमके तेच होते ज्यांना पोर्क चॉप ‘भारी’ वाटला.

कोणी म्हणेल की किळस जनावराची आहे, माणसांची नाही. गावातले डुक्कर उकिरड्यावर फिरते हे खरे, मी ते झाकणार नाही. त्यात रोगाचा धोकाही खरा आहे. डुकराच्या मांसात फीतकृमीच्या गाठी असू शकतात आणि कच्चे राहिलेले मांस खाल्ले तर तो कृमी माणसाच्या आतड्यात वाढतो. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये डुकराच्या तुकड्यांना ६३ अंश आणि वर तीन मिनिटे थांबणे पुरेसे ठरवले असले, तरी तो हिशेब तिथल्या बंदिस्त पाळलेल्या, तपासलेल्या डुकरांचा आहे. आपल्याकडच्या मोकाट जनावराला तो लावू नये. आई खळखळून शिजवते ते अडाणीपणाने नव्हे. पण याच रोगाची दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. या कृमीमुळे मेंदूत गाठी होऊन फेफरे येते, ते मांस खाल्ल्याने थेट होत नाही. कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि ती न धुतलेल्या भाजीवाटे, पाण्यावाटे किंवा हातावाटे कुणाच्याही पोटात जातात. जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो तो यामुळेच. म्हणजे दोष डुकराइतकाच उघड्यावरच्या हागणदारीचा आहे, आणि आमच्या वस्तीला पाणी, संडास आणि गटार उशिरा मिळाले तो डुकराचा गुन्हा नव्हे.

आणि हे मांस मराठी माणसाला परके आहे असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये आपल्या शहरात ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मी तेव्हा आठवीत होतो. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या वसईत मराठीच्या बोली बोलणारी ख्रिस्ती घरे आहेत आणि त्यांच्याकडे नाताळात, लग्नात डुकराचे मटण मानाने रांधले जाते. गोव्यातले सोरपोतेल तर काळीज वगैरे आतले अवयव बारीक चिरूनच करतात. तिथे आईला ‘बाकीचे कुठे टाकता’ असे विचारावे लागले नसते. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये लग्नाच्या पंगतीत पंदी करी नसेल तर पाहुणे नाराज होतात. तिथल्या मुलांना डब्यावर झाकण धरून जेवावे लागत नसावे.

आपल्याच जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली निघाले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांत काय शिजत होते, कसे शिजत होते आणि का शिजत होते हे त्यात मांडले आहे. २०२४ मध्ये ते इंग्रजीत गेले आणि मग दूरदूरच्या वर्तमानपत्रांतून त्याच्याविषयी छापून आले. ते पुस्तक आमच्या वडार घराचे नाही. तरीही वाचताना मला सारखे वाटत होते की आपल्या आईचे पातेले कुणीतरी पाहिले आहे. पूर्णब्रह्म म्हणून ताटापुढे हात जोडणाऱ्या भाषेत ‘अपूर्ण’ हा शब्द घालायला केवढे धाडस लागले असेल! आपल्या अभ्यासक्रमात ग्रामीण साहित्य आहे, दलित साहित्य आहे. त्यातली भूक आपण परीक्षेत दहा गुणांसाठी लिहितो. त्या भुकेवर माणसे काय शिजवीत होती, हे मात्र विचारीत नाही. माझे प्राध्यापकांना नम्र सांगणे आहे की एखादा प्रकल्प या विषयावर द्यावा. प्रत्येकाने आपल्या घरातली एक कृती आई-आजीला विचारून, तिच्याच शब्दांत लिहून आणावी. आमच्या घरात वडारी बोलतात, तेलुगूच्या वळणाची. त्यातले स्वयंपाकाचे कितीतरी शब्द मलाही आता येत नाहीत, आणि आजी थकली आहे.

माझ्यापुरते मी एवढे केले आहे की या सत्रापासून डब्यावर झाकण धरीत नाही. कुणी विचारले तर नाव सांगतो. पहिल्या दिवशी दोघे उठून दुसऱ्या बाकावर गेले, त्यातला एक आठवड्याने परत आला. तो खात नाही. नुसता बसतो.

यंदाच्या आनंदनगरीत पुन्हा गाळा मागणार आहे. मामा ते यंत्र पाठवतो म्हणाला, पण मैदानात विजेचा एकच बोर्ड आहे आणि तो दरवर्षी ध्वनिक्षेपकवाल्याकडे असतो. शिवाय पाटीवर काय लिहावे याचाही प्रश्न आहे. ‘पोर्क’ लिहिले तर गर्दी होईल, ‘डुकराचे मटण’ लिहिले तर होणार नाही. आईला विचारले तेव्हा ती पाट्याला टाकी लावीत होती. मान वर न करता म्हणाली, “तुला काय लिहायचं ते लिही. चूल आन् पातेलं मी आणते. भाकऱ्या किती लागतील तेवढं सांग.”