बिऱ्हाड कोणाच्या पावलांनी मोजावे?

मानोरा तालुक्याला स्थलांतर हा विषय नवा नाही. दिवाळी सरली की येथील तांड्यांतून ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर आणि मोठ्या शहरांतील बांधकामांवर कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. जून उजाडला की शिक्षक, कारकून आणि छोटे दुकानदार मुलांच्या शाळेसाठी वाशीम, कारंजा, अकोला किंवा अमरावती येथे खोली शोधू लागतात. रेल्वेचा रूळ नसलेल्या या तालुक्यातून शिकून पुढे गेलेली काही मुले आता पुण्याच्याही पलीकडे, परदेशी जातात, आणि मागाहून बायको व लहान मुलांना घेऊन जातात. या तिन्ही प्रवासांतील अंतर, साधने आणि मिळकत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तथापि पोहोचल्यावर पडणारा पहिला प्रश्न तिघांचाही एकच असतो : बिऱ्हाड नेमके कोठे थाटावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे विचारले जाते तेही बहुधा सारखेच असते. भाडे किती? कामाचे ठिकाण किती दूर? आसपास आपली माणसे आहेत काय? वस्ती प्रतिष्ठित आहे काय? हे चारही प्रश्न रास्त आहेत. परंतु ते चारही मोठ्या माणसांचे आहेत. घरातील ज्या सभासदाला पाच-सहा वर्षांचे आयुष्य घेऊन एकाएकी परक्या मुलखात उभे राहावयाचे आहे, त्याचा प्रश्न या यादीत शेवटी येतो, किंवा येतच नाही. लहान मुलांसह स्थलांतर करणाऱ्याने वस्तीची निवड मुलाच्या रोजच्या दिवसावरून करावी आणि बाकीच्या सोयी त्याभोवती बसवाव्यात, हा क्रम एकदा उलटला की पुढील अनेक वर्षे तो सुलटा करता येत नाही.

ज्या मुलखात पोहरादेवी आहे, त्या मुलखाला हा विचार परका वाटू नये. बंजारा समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत, तेव्हा मुक्कामाची जागा पाणी आणि चारा पाहून धरली जाई. ज्याच्या पाठीवर सारा व्यापार आणि संसार उभा, त्या मुक्या जनावराची सोय आधी, माणसांची नंतर, असा तो हिशेब होता. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या, लमाणांचा व्यापार बुडाला, तांडे गावांच्या कडेला स्थिरावले. परंतु ज्याला बोलून मागता येत नाही त्याची गरज आधी पाहावी, हे त्या मुक्कामांमागचे शहाणपण बैलांबरोबर संपण्याचे कारण नव्हते. आजच्या बिऱ्हाडात मुक्याने चालणारा तो सोबती म्हणजे लहान मूल होय.

परदेशी जाणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत या विचाराला कायद्याचा आणि व्यवहाराचाही आधार आहे. आपल्याकडे घर एकीकडे आणि शाळा दुसरीकडे, मध्ये रिक्षा किंवा बस, अशी सवय झालेली असते. तिकडे अनेक देशांत सरकारी शाळेतील प्रवेश घराच्या पत्त्यावरून ठरतो. ऑस्ट्रेलियातील सरकारी प्राथमिक शाळांना ठरावीक हद्द असते आणि त्या हद्दीत राहणाऱ्या मुलाचा शाळेवर पहिला हक्क असतो. इंग्लंडमध्ये जागांपेक्षा अर्ज अधिक आले म्हणजे भावंडे त्याच शाळेत आहेत काय, घर शाळेपासून किती अंतरावर आहे, अशा निकषांवर निवड होते. तेथील प्राथमिक शाळेच्या पहिल्या प्रवेशासाठी अर्जाची मुदत १५ जानेवारीला संपते आणि वर्ग सप्टेंबरमध्ये भरतात. वर्षाच्या मध्येच येऊन पोहोचलेल्या कुटुंबाला जेथे जागा शिल्लक असेल तेथे मुलाला घालावे लागते. अमेरिकेत शाळा-जिल्ह्याच्या सीमा असतात आणि शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता-करातून येतो. साहजिकच चांगल्या शाळेच्या हद्दीत घरभाडेही चढे असते.

यावरून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष सरळ आहे. दोन-तीन वर्षांचा भाडेकरार करून मग शाळेची चौकशी करणे म्हणजे पेरणी आटोपल्यावर जमिनीचा पोत पाहणे होय. आधी दोन-तीन शाळा पाहाव्यात, त्यांच्या हद्दी समजून घ्याव्यात, जागा शिल्लक आहे काय हे विचारावे, आणि मग त्या हद्दीत परवडेल असे घर शोधावे. प्रवेशासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला जात असल्याने पहिले काही आठवडे तात्पुरत्या जागेत काढावे लागले तरी हरकत नाही. व्हिसाचा प्रकारही आधी पाहावा. न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात तात्पुरत्या व्हिसाच्या काही प्रकारांत सरकारी शाळेचेही शुल्क भरावे लागते. आखाती देशांतील गोष्ट निराळी. तेथे आपल्या लोकांची मुले बहुधा शुल्क घेणाऱ्या खासगी भारतीय शाळांत जातात आणि पत्त्याचा प्रवेशाशी फारसा संबंध नसतो. परंतु म्हणून वस्तीचे महत्त्व कमी होत नाही. भाडे वाचविण्यासाठी दूरवर घेतलेल्या घराची किंमत पहाटे अंधारात बसची वाट पाहणारे मूल चुकते करीत असते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. आजची पिकली पिढी कोसभर पायी चालून शिकली. तिचे काय बिघडले? या म्हणण्यात अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. परंतु ती कोसभराची वाट ओळखीच्या शेतांमधून जात होती. वाटेवरच्या प्रत्येक बांधावर नावाने हाक मारणारे माणूस होते, आणि चार-सहा सवंगडी बरोबर होते. त्या वाटेला सोबत होती, म्हणून ती लांब असूनही सुरक्षित होती. परक्या शहरातील अर्ध्या कोसाची वाट भरधाव वाहनांची, अनोळखी चेहऱ्यांची आणि एकटेपणाची असते. म्हणून वाटेत किती चौक लागतात, कोण भेटते आणि मूल काही वर्षांनी ती एकटे चालू शकेल काय, हे अंतराच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक पाहिले पाहिजे.

'आपली माणसे' हा निकष अधिक नाजूक आहे. परमुलखात मराठी शब्द कानी पडणे, गणपतीला चार घरी जाणे, आजारपणात शेजारणीने भाताचे पातेले आणून देणे, या गोष्टींचे मोल पैशांत होत नाही. नोकरी एकाची आणि घरी दिवसभर दुसरी, अशा संसारात तर शेजारच त्या बाईचा आधार असतो. तेव्हा दुकान, दवाखाना, बाग आणि बसचा थांबा तिला मोटारीवाचून, मुलाचा हात धरून गाठता येतो काय, हा प्रश्न नवऱ्याच्या कचेरीच्या अंतरापेक्षा मोठा मानला पाहिजे. परंतु केवळ आपली वस्ती मिळावी म्हणून मुलाची शाळा दुरावत असेल, तर रोजची गरज आणि आठवड्याची गरज यांतील भेद ओळखावा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. अशा मंडळांच्या कार्यक्रमांना आणि सुटीच्या दिवशी भरणाऱ्या मराठी वर्गांना लोक तास-दीड तासाचा प्रवास करून जातात, आणि तो जाचत नाही. कारण तो रोजचा नसतो. शाळेचा प्रवास मात्र रोजचा आहे. आठवड्यातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी रोज लागणारी गोष्ट मोडू नये.

भाषेच्या प्रश्नावर तर मानोऱ्याच्या शिक्षकाने परदेशी निघालेल्या पालकाला चार गोष्टी सांगाव्यात, इतका त्याचा अनुभव मोठा आहे. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते आणि पहिलीच्या वर्गात त्याची गाठ मराठीशी पडते. ते काही महिने गप्प बसते. अननुभवी माणूस त्याला मंद समजतो. जाणता शिक्षक थांबतो, खुणेने बोलतो, खेळात ओढतो, आणि एके दिवशी ते मूल दोन्ही भाषांत बोलू लागते. मेलबर्न किंवा बर्मिंगहॅमच्या वर्गात बसलेले मराठी मूल याच मौनातून जात असते. या मौनाच्या काळात त्याला सर्वांत अधिक गरज असते ती स्थैर्याची : तेच शिक्षक, तोच बाक, तोच मित्र. भाडेकरार संपला, थोडे स्वस्त घर मिळाले, म्हणून वर्षाच्या आतच वस्ती बदलणे म्हणजे उगवू लागलेले रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावणे. यास्तव पहिले घर थोडे लहान चालेल, जुने चालेल. परंतु ते किमान काही वर्षे टिकवता येईल असे असावे.

ही सारी चर्चा ज्यांना निवड करता येते त्यांच्याविषयी झाली. आता घराकडे वळले पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला आणि जिल्ह्याचे ठाणे मानोऱ्याच्या जवळ आले. तरीही मुलांच्या शाळेसाठी तालुका सोडणाऱ्यांचा ओघ थांबलेला नाही. नोकरी तांड्यावर आणि बिऱ्हाड शहरात ठेवून रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकांना मुख्यालयी न राहिल्याबद्दल बोल लावला जातो. परंतु आपल्या मुलासाठी वस्ती निवडण्यात तो शिक्षक कोणत्याही पालकाहून निराळा वागत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की ज्या शाळेच्या वाटेसाठी तो स्वतःचे घर हलवतो, तिचे मोल वर्गातील ऊसतोड कामगाराच्या मुलासाठीही त्याच तोलाने केले जाते काय?

या मुलाच्या बापाला वस्ती निवडता येत नाही. ती मुकादमाकडून घेतलेली उचल निवडते. कोयता घेऊन नवरा-बायको निघाली, की कारखान्याच्या पट्ट्यात, फडाच्या कडेला पाचटाची कोपी उभी राहते. शाळा कोठे आहे हे कोणी विचारत नाही. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते आणि तिचे दुसरे सत्र तेथेच संपते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा या मुलांच्या बाजूने स्पष्ट बोलतो. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे नियम सांगतात. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसविणे बंधनकारक आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. शाळेपासूनच्या अंतराचा हा हक्क किती मोलाचा असतो, हे २०२४ मध्ये दिसले. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला दुर्बल घटकांच्या २५ टक्के प्रवेशांतून सूट देण्याचा नियम राज्याने फेब्रुवारीत केला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैत रद्द ठरविला.

तरतुदी आहेत, उणीव आहे ती वेळेची. वसतिगृहाची मंजुरी आणि ऊसतोडीची गाडी यांत आधी कोण पोहोचते, यावर त्या मुलाचे वर्ष अवलंबून असते. मालमोटारीत भांडीकुंडी चढल्यावर आलेले कोणतेही परिपत्रक निरुपयोगी होय. म्हणून दिवाळीच्या सुटीपूर्वीच प्रत्येक तांड्यावर शिक्षकाने पालकांशी बोलावे, कोण जाणार आणि कोण आजीपाशी राहणार याची यादी करावी, वसतिगृह गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी उघडे असावे. जी मुले जाणारच, त्यांच्या हमी पत्रकावर जाण्याचे ठिकाण लिहिले जावे. आणि टोळीची कोपी कोणत्या शाळेजवळ पडणार हे उचलीच्या कागदावर नोंदवण्याची सक्ती कारखान्यांवर असावी. यांत खर्चाची फारशी बाब नाही. ऊस कोणत्या गटात कधी तोडावयाचा याचे वेळापत्रक ज्यांना आखता येते, त्यांना कोप्यांची जागा शाळेच्या जवळ धरणे अशक्य नाही.

परदेशी निघालेला अभियंता आणि ऊसतोडीला निघालेला मजूर एकाच तालुक्याचे, क्वचित एकाच तांड्याचे असतात. पहिल्याने नकाशा उघडून बसताना आधी शाळा शोधावी आणि कचेरीचा रस्ता नंतर, एवढे त्याच्या हाती आहे. दुसऱ्याच्या हाती नकाशाच नाही. तो त्याच्या वतीने शासनाने, कारखान्याने आणि गावच्या शिक्षकाने उघडायचा आहे. दोघांच्याही मुलांची पावले सारखीच लहान आहेत, आणि बिऱ्हाड मोजावयाचे ते त्याच पावलांनी.