डक होम्सचा अल्बम विकत का घ्यायचा?

आमच्या धंद्यात एक भीती कायमची. सगळी सिस्टीम कळणारा एकच माणूस असतो, त्यानं कुठे काही लिहून ठेवलेलं नसतं, आणि एक दिवस तो राजीनामा टाकतो. मग बसा शोधत! गेले दोन शनिवार मी जे गाणं ऐकतोय, त्याचीही गत साधारण अशीच आहे.

जिमी 'डक' होम्स. जन्म १९४७, गाव बेंटोनिया, अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य. गावाची वस्ती पाचशेसुद्धा नाही. तिथे त्याच्या आईवडिलांनी १९४८ साली 'ब्लू फ्रंट कॅफे' काढलं. कापसाच्या शेतात राबणारी माणसं तिथे खायला-प्यायला यायची आणि रात्री ब्लूज ऐकायची. १९७० साली कॅफे जिमीनं हातात घेतलं.

या एवढ्याशा गावाचा स्वतःचा ब्लूज आहे. गिटारच्या तारा अशा लावायच्या, की बोट न ठेवता नुसता हात फिरवला तरी मायनर कॉर्ड वाजते. आवाज एकदम उदास, थोडा भुताटकीचा म्हणा ना! हेन्री स्टकी, स्किप जेम्स, जॅक ओवेन्स ही त्यातली मोठी नावं. ओवेन्सनं होम्सला शिकवलं तेही तोंडी. समोर बसायचं, बघायचं, ऐकायचं, चुकायचं. आपल्याकडच्या तालमीसारखंच.

आता गंमत बघा. स्किप जेम्सनं १९३१ साली रेकॉर्डिंग केलं, म्हणून तो आज जगभर ऐकला जातो. त्याचा गुरू स्टकी. त्याची एकही रेकॉर्ड निघाली नाही. १९६६ साली तो गेला आणि त्याचं वाजवणं त्याच्याबरोबरच गेलं. बॅकअप नाही, काही नाही.

होम्सचंही असंच व्हायचं. पण २००६ साली एका चिमुकल्या कंपनीनं त्याचा पहिला अल्बम काढला, तेव्हा स्वारी साठीला टेकली होती. कंपनीचं नाव 'ब्रोक अँड हंग्री', म्हणजे कफल्लक आणि भुकेली! पुढे 'ब्लॅक कीज'वाल्या डॅन आउअरबाखनं त्याला नॅशव्हिलला बोलावलं आणि २०१९ मध्ये स्वतःच्या 'ईझी आय साउंड' या लेबलवर 'सायप्रस ग्रोव्ह' काढला. (म्हणजे मी तसा उशिराच पोचलोय, पण चांगली गोष्ट सांगायला मुहूर्त लागत नाही.) २०२१च्या ग्रॅमीसाठी त्याला पारंपरिक ब्लूजचं नामांकन मिळालं. बक्षीस गेलं सत्याऐंशी वर्षांच्या बॉबी रशला, आणि तो अल्बमही त्याच्या स्वतःच्याच लेबलचा!

या अल्बममध्ये बेस आहे, ड्रम्स आहेत. त्यामुळे काही सोवळे लोक नाक मुरडतील. मला विचाराल तर, आधी हाच ऐका. आवाज ओळखीचा झाला की मग २००६चा 'बॅक टू बेंटोनिया'. तो जास्त कोरडा, जास्त खरा.

आता मुद्दा. "फुकटात ऐकायला मिळतंय, मग विकत कशाला?" असं मीही म्हणायचो. पण स्ट्रीमिंगचे पैसे प्रत्येक ऐकण्यामागे किरकोळ मिळतात. कोट्यवधी वेळा ऐकल्या जाणाऱ्या गाण्याला ते परवडतं, पाचशे वस्तीच्या गावातल्या गाण्याला नाही. आणि त्या गावात माइक घेऊन मोठ्या कंपन्या गेल्या नव्हत्या, ही कफल्लक आणि भुकेली मंडळीच गेली. त्यांचा खर्च निघाला तरच ती पुढच्या म्हाताऱ्याच्या दारात जातील.

हे दान नाही. एका पिझ्झाच्या पैशात अख्खा अल्बम डाउनलोड होतो, आणि बदल्यात मिळतं ते पिझ्झापेक्षा खूपच टिकाऊ. असो. या रविवारी दिवे मंद करा, हेडफोन लावा आणि शीर्षकाचं गाणं ऐका. मूळ गाणं स्किप जेम्सचं आहे. आवडलं, तर पैसे मोजा. नाहीच आवडलं, तर माझ्या नावानं बोटं मोडा!